धर्मग्राम : परक्यांचें घर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, ह्या मंगल प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. अशा दिवशीं पूर्वजांची थोरवी गावी, ज्यांनीं विटा वाहिल्या व दारोदार फिरून वर्गणी गोळा केली त्यांचे आभार मानावे, हा शिष्टाचार आहे. आणि तो आम्ही मनःपूर्वक पाळतों. परंतु आभार मानून खालीं बसणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. पन्नासाव्या वर्षाचा जो अर्थ पवित्र शास्त्रानें सांगितला आहे, तो रोषणाई आणि मेजवानी ह्यांहून फार निराळा आहे, आणि फार कठीणही आहे.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ती आज्ञा आहे. सात वेळां सात वर्षें मोजावीं, आणि पन्नासावें वर्ष आलें म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें. त्या वर्षीं जो दारिद्र्यापायीं दास झाला असेल त्यानें मुक्त होऊन आपल्या कुळांत परत जावें. ज्याचें वडिलोपार्जित शेत हातचें गेलें असेल त्यास तें परत मिळावें. ज्युबिली हा शब्दच मुळीं त्या शिंगाच्या इब्री नांवावरून आला आहे. पुढें इ. स. १३०० मध्यें पोप बोनिफेस आठवे ह्यांनीं रोम येथें पहिलें ख्रिस्ती ज्युबिली-वर्ष जाहीर केलें, आणि २०२५ हें वर्षही जगभरच्या ख्रिस्तसभेनें ज्युबिली म्हणून पाळलें. तेव्हां शास्त्राच्या दृष्टीनें ज्युबिली म्हणजे ज्याची जागा गेली त्यास त्याची जागा परत देण्याचें वर्ष होय. म्हणून आज आपण सर्वांनीं मिळून एकच प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे : आपल्या ह्या देवळांत अशी कोणाची जागा आहे, जी त्यास अजून मिळालेली नाहीं?

हा प्रश्न आपल्या वसईंत केवळ पुस्तकी नाहीं. ह्या भूमींत कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा अनेक समाजांचे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. प्रत्येकाची रीत निराळी, लग्नांतलीं गाणीं निराळीं, आणि बोलीही निराळी. कोणाची कादोडी, कोणाची वाडवळी, कोणाची कोळी. देवळांत मात्र सर्वांस जोडणारी मराठी. मग शहर वाढलें. २००९ सालीं वसई-विरारची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत ह्या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्याहि वर गेलेली दिसली. ज्या वाड्यांत केळीच्या बागा व पानवेली होत्या, तेथें चारचार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आणि त्या इमारतींत मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तमिळनाडूचे व दूरच्या छोटा नागपूरचेही ख्रिस्तबंधु राहावयास आले. रविवारच्या मिस्सेस ते आपल्या शेजारींच बसतात.

ह्यांतून दोन दुःखें उत्पन्न झालीं आहेत, आणि तीं उत्सवाच्या दिवशींही झांकून ठेवणें बरें नव्हे. जुना रहिवासी मनांत म्हणतो, "आमच्या आजोबांनीं हें देऊळ उभारलें, आज आमच्याच गांवांत आम्ही मूठभर झालों, आमची भाषा मागें पडली, आणि आमचीं मुलें तीतून प्रार्थना करण्यास लाजतात." नवा रहिवासी मनांत म्हणतो, "दहा वर्षें झालीं, येथेंच माझ्या लेकरांचा स्नानसंस्कार झाला. तरी अजून माझी ओळख 'बाहेरचा' एवढीच आहे. वर्गणी घ्यावयास माणूस येतो. सल्ला विचारावयास कोणी येत नाहीं." बंधुभगिनींनो, हीं दोन्ही दुःखें खरीं आहेत. एकाचें दुःख खोटें ठरवून दुसऱ्याचें बरें होणार नाहीं.

मग उपाय कोठें शोधावा? आम्हांस वाटतें, आपल्या नांवांतच तो आहे. ज्यास आपण धर्मग्राम म्हणतों त्यास इंग्रजींत पॅरिश म्हणतात. त्या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंतील 'पारोइकिया' ह्या शब्दांत आहे, आणि त्याचा अर्थ परक्या देशांत केलेली वस्ती असा आहे. संत पेत्राच्या पहिल्या पत्रांत ख्रिस्ती जनांच्या ह्या जगांतील आयुष्यास हाच शब्द योजिला आहे. म्हणजे ज्या संस्थेस आपण आपल्या हक्काची, पिढीजात मालमत्ता समजतों, तिच्या नांवाचाच अर्थ परक्यांची वस्ती असा निघतो! ह्या घराचा यजमान एकच, तो प्रभु येशू ख्रिस्त. बाकीचे आपण सर्व पाहुणे. कोणी पाहुणा चारशें वर्षांपूर्वीं आला, कोणी चार महिन्यांपूर्वीं आला, इतकाच काय तो फरक. आधीं आलेल्या पाहुण्याचें काम, मागून आलेल्यास सरकून जागा देणें व घराची रीत प्रेमानें समजावून सांगणें.

आपल्या समाजनांवांचा अभिमान असावा, त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु तीं नांवें आकाशांतून पडलेलीं नाहींत. उत्तर कोंकण व मुंबई येथील जुन्या ख्रिस्ती लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं धारण केलें. गोवा व मंगळूर येथून नोकरीधंद्यास आलेल्या धर्मबंधूंहून आपण निराळे आहों, हें सरकारास कळावें, हा त्यांतील एक हेतु होता. पोटापाण्याची निकड होती, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. मात्र एवढें ध्यानांत धरावें कीं, माणसानें दिलेलें नांव माणसाच्या गरजेपुरतें असतें. स्नानसंस्कारांत जें नांव मिळतें तें देवाघरचें असतें, आणि तें कुपाऱ्यास व कोळ्यास, मंगळूरकरास व मल्याळी बंधूस सारखेंच मिळतें.

परक्यास जागा देणें म्हणजे नेमकें काय, हें प्रेषितांच्या पहिल्या मंडळीकडून शिकावें. प्रेषितांचीं कृत्यें ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत यरुशलेमच्या मंडळीची हकीकत आहे. रोजच्या अन्नवाटपांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते, अशी कुरकुर ऐकूं आली. पहा, प्रेषित हयात असतांही भाषेवरून तंटा झाला! मग प्रेषितांनीं काय केलें? कुरकुर करणाऱ्यांस त्यांनीं दटावलें नाहीं. आणि 'यापुढें काळजी घेऊं' असें तोंडभर सांगून वाटेसही लावलें नाहीं. त्यांनीं सर्व मंडळीस बोलावून सात सेवक निवडावयास सांगितलें. त्या सातांचीं नांवें ग्रंथांत दिलीं आहेत. तीं सातही ग्रीक वळणाचीं आहेत, आणि त्यांतला निकलाव तर जन्मानें यहूदीसुद्धां नव्हता. ज्यांच्या पानांत कमी पडत होतें, त्यांच्याच माणसांच्या हातीं वाढण्याचा पळा दिला! पंगतींत बसवून घेणें हें अर्धें स्वागत आहे. वाढावयास उभें करणें हें पुरें स्वागत आहे.

आपल्याच मातींतील संताचें चरित्र ह्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईंत जन्मले. पिता पोर्तुगीज, माता ह्याच देशची. तरुणपणीं ते जपानांत येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षकाचें काम करीत होते. आपणांस त्या संघांत घ्यावें ही त्यांची मोठी आस होती. ती सफल झाली नाहीं. पुढें त्यांनीं व्यापार केला, आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस व्रतस्थ बंधु म्हणून आपलेंसें केलें. १५९३ सालीं ते दुभाषा म्हणून पुन्हां जपानास गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांनीं क्रूसावर प्राण अर्पिले. १८६२ सालीं पोप पायस नववे ह्यांनीं त्यांस संतपद दिलें.

त्या टेकडीवर एकूण सव्वीस क्रूस होते. वीस जण जपानी, चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, आणि एक आपल्या वसईचा. त्यांत व्रतस्थ होते तसे प्रापंचिकही होते. वैद्य होता, स्वयंपाकी होता, धनुष्यें करणारा कारागीर होता, आणि लुइस नांवाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. एका रांगेंत उभ्या असलेल्या त्या सव्वीसांपैकीं स्थानिक कोण आणि बाहेरचा कोण? ज्या वसईकरास एका दारांतून आंत येतां आलें नाहीं, त्यास दुसरें दार उघडलें म्हणून वसईस पहिला संत लाभला. आपल्या दारांत आज कोण उभा आहे, हें आपणांस ठाऊक नसतें. म्हणून दार लावतांना हात थरथरावा.

कोणी विचारील : सर्वांस सामावून घ्यावयाचें तर आमचें आमचें असें काय उरलें? आमची मराठी सोडून द्यावी काय? आम्ही म्हणतों, मुळींच नाहीं. पेंतेकॉस्तच्या दिवशीं पवित्र आत्म्यानें सर्वांस एकच भाषा बोलावयास लाविली नाहीं. प्रत्येकास आपआपल्या भाषेंत देवाचीं महत्कृत्यें ऐकूं आलीं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. येथील नवख्रिस्ती लोकांस जुन्या पुराणांच्या ठिकाणीं आपलें असें पुराण हवें होतें. त्यांनीं लोकांस आपली भाषा शिकविण्याचा हट्ट धरला नाहीं. स्वतः लोकांची भाषा शिकून सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें, आणि १६१६ सालीं तें राशोल येथें छापून निघालें. परक्यानें आपल्या मराठीस इतका मान दिला, आणि म्हणून ख्रिस्त ह्या भूमींत परका राहिला नाहीं. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस वाव दिला, आणि वेदीवरूनही मराठी ऐकूं येऊं लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं मराठींत सुबोध बायबल सिद्ध केलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. ही मराठी आपण भिंत म्हणून वापरली तर ती आपल्याबरोबरच मरेल. भाकरीसारखी वांटली तर वाढेल. केरळहून आलेल्या मुलास एक मराठी भक्तिगीत शिकविणारी आजी भाषेचें जितकें रक्षण करते, तितकें तक्रारीचीं शंभर भाषणें करीत नाहींत.

आतां एका कटु गोष्टीचा उल्लेख करणें भाग आहे. आपल्या देशांतील ख्रिस्तसभेंत जातीचें विष उतरलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दक्षिणेंत कांहीं ठिकाणीं दफनभूमींतही भिंत घातली गेली; मेल्यानंतरही शेजार नको! भारताच्या कॅथॉलिक महागुरुमंडळानें २०१६ सालीं दलितांच्या सक्षमीकरणाचें धोरण जाहीर केलें, आणि जातिभेद हें पाप आहे असें त्यांत स्पष्ट म्हटलें. संत याकोबाच्या पत्रांत तर भारी वस्त्रें ल्यालेल्यास मानाची जागा व फाटक्या वस्त्राच्या गरिबास पायांपाशीं जागा देणाऱ्या मंडळीची कडक कानउघाडणी आहे. आपल्याकडे भिंत विटांची नसेल. पण लग्न जुळवितांना, समितीवर नांवें घेतांना, सणाच्या दिवशीं पंगत मांडतांना नजरेची जी भिंत उभी राहते, तीही भिंतच आहे. ती पाडावयास गवंडी लागत नाहीं.

आणि परका केवळ परप्रांतीयच असतो असें नाहीं. घर मोडलेली बहीण, तुरुंगांतून सुटून आलेला भाऊ, दारूच्या व्यसनाशीं झगडणारा तरुण, मनाच्या आजारानें खचलेली माता, कानांनीं ऐकूं न येणारा मुलगा, हिंदु घरांतून लग्न होऊन आलेली सून. हीं सर्व आपल्याच घरांत असून परकीं होतात. ज्यांच्या मनाची ओढ समलिंगी व्यक्तीकडे आहे, त्यांस आदरानें व करुणेनें वागवावें, अन्यायानें दूर लोटूं नये, असें १९९२ सालच्या कॅथॉलिक धर्मशिक्षण-ग्रंथांतही सांगितलें आहे. 'कॅथॉलिक' ह्या शब्दाचा अर्थच सर्वांस व्यापणारा असा आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२३ च्या ऑगस्टांत लिस्बन येथें जमलेल्या लाखो तरुणांस हेंच सांगतांना 'सर्व' हा शब्द तीन वेळां उच्चारिला, आणि त्यांच्याकडूनही म्हणवून घेतला. ज्या देवळांत कांहींजण नाहींत, तें सुंदर असूं शकेल, श्रीमंतही असूं शकेल. परंतु तितक्या अंशानें तें कॅथॉलिक नाहीं.

तथापि, केवळ एकत्र जमणें हा धर्मग्रामाचा शेवटचा हेतु नव्हे. एकत्र तर बाजारांतही माणसें जमतात. आपण जमतों तें पवित्र होण्यासाठीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्तसभेविषयींच्या आपल्या लेखांत शिकविलें कीं, पावित्र्याचें पाचारण धर्मगुरु व व्रतस्थ ह्यांसच नसून प्रत्येक श्रद्धावंतास आहे. मासळी विकणारीस आहे, रेल्वेनें मुंबईस जाणाऱ्या कारकुनास आहे, वाडी शिंपणाऱ्या शेतकऱ्यासही आहे. म्हणून ज्यास आपण आपलेंसें करतों, त्यास आपल्या सोयीपुरतें जवळ घेऊन भागणार नाहीं. प्रभूच्या अधिक जवळ जाण्यास एकमेकांचा हात धरावा लागेल. प्रेमानें दिलेली जागा आणि प्रेमानें दिलेली समज, दोन्ही एकाच घरच्या वस्तु आहेत. प्रभूनें जक्कयाच्या घरीं जेवण घेतलें. त्या जेवणानंतर जक्कयानें लुबाडलेल्यांस चौपट परत देण्याचें वचन दिलें. आधीं पंगत, मग पालट. हा प्रभूचा क्रम आहे. आपण पुष्कळदां तो उलटा करतों.

शिवाय, मिस्सा हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ पाठविणें असा आहे. आपण वेदीपाशीं येतों तें पुन्हां बाहेर पाठविलें जाण्यासाठीं. गेल्या शतकाच्या अखेरीस वसईची हिरवळ व पाणी वांचविण्यासाठीं जें आंदोलन उभें राहिलें, त्यांत ख्रिस्ती व हिंदु शेजारी खांद्यास खांदा लावून रस्त्यावर उतरले. विहीर आटते तेव्हां ती कोणाची जात किंवा धर्म विचारीत नाहीं. म्हणून ती वांचविणाऱ्यानेंही विचारूं नये. ज्या धर्मग्रामाचा उपयोग त्याच्या सभासदांसच होतो, तो मंडळाचा अथवा क्लबाचा प्रकार झाला. ज्याच्या अस्तित्वानें शेजारच्या अख्रिस्ती घरासही थोडा आधार वाटतो, तो ख्रिस्ताचा धर्मग्राम.

आपल्या पूर्वजांनींही हेंच जाणलें होतें. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसईचा किल्ला जिंकला, तेव्हां परदेशी धर्मगुरु निघून गेले आणि किल्ल्यांतील मोठमोठे मठ व देवळें ओस पडलीं. त्यांच्या छप्पर नसलेल्या भिंती आपण आजही पाहतों. परंतु गांवांतील विश्वास ओस पडला नाहीं. थोड्या देशी धर्मगुरूंनीं, आणि संध्याकाळीं ओटीवर जपमाळ म्हणणाऱ्या आयाआज्यांनीं तो जिवंत ठेवला. घडीव दगडांनीं जें राखलें नाहीं, तें माणसांनीं माणसांस धरून राखलें. ही आपली खरी वडिलोपार्जित इस्टेट आहे.

ह्यास्तव आजच्या सुवर्णदिनीं चार साध्या गोष्टींचा निश्चय करावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. पहिली : रविवारीं मिस्सा संपल्यावर, ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं अशा एका तरी माणसास त्याचें नांव विचारल्यावांचून घरीं जाऊं नये. दुसरी : धर्मग्रामाच्या समितींत, गायनवृंदांत, वाचनांत व सणाच्या तयारींत नवीन आलेल्यांस व मागें राहिलेल्यांस केवळ बोलावूं नये, तर काम सोंपवावें, चुकलें तर शिकवावें, पण काढून घेऊं नये. तिसरी : जे आजारपणामुळें, वार्धक्यामुळें किंवा लाजेमुळें देवळांत येत नाहींत, त्यांच्या दारीं आपण जावें. चौथी : ज्याचें येथें कोणी नातलग नाहीं, त्याच्या शवपेटीस आपल्या घरच्या माणसाप्रमाणें खांदा द्यावा. जुन्या कुळांनीं पहिला खांदा द्यावा. हें चौथें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कारण माणूस कोणाचा होता हें त्या दिवशीं सर्वांस दिसतें.

ह्यांतल्या एकाही गोष्टीस वर्गणी लागत नाहीं. म्हणूनच त्या कठीण आहेत.

पुढील पन्नास वर्षांनीं, ह्याच अंगणांत शताब्दीचा मंडप पडेल तेव्हां आपल्यापैकीं बरेचजण नसूं. तेव्हांचे लोक आपण बांधलेली वास्तु पाहतील, आणि कदाचित् ती जुनी झाली म्हणून पाडतीलही. परंतु 'माझे आजोबा येथें परके म्हणून आले, आणि पहिल्याच वर्षीं त्यांच्या हातीं देवळाची घंटा दिली गेली', असें कोणी एक नातवंड त्या दिवशीं सांगेल, तर आपली ज्युबिली देवाच्या वहींत नोंदली गेली असें समजावें.

परमदयाळू पिता ही कृपा आपणांस देवो. पवित्र मरिया, जी स्वतः बेथलेहेमांत जागेवांचून राहिली व मिसर देशांत परकी म्हणून फिरली, ती आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या प्रत्येकाची आठवण आपणांस करून देवो. आणि संत गोन्सालो गार्सिया आपल्यासाठीं विनंती करोत.

आमेन.